‘डोळा’ शब्दाची व्युत्पत्ति व पनवेल प्रांतीं त्याचा उच्चार

१. विषयप्रवेश

जुना कागद छपाईसाठीं उतरून घेतांना संपादकाच्या लेखणीस एक मोह नेहमीं होतो. मूळांत ‘डोला’ असें असलें तर तें लेखकाचें अशुद्ध समजून ‘डोळा’ करावें, ‘काला’ असलें तर ‘काळा’ करावें, आणि टीपही न देतां पुढें जावें. अर्थ बदलत नाहीं, वाचकास सुलभ होतें, मग हानि ती कोणती, असें यावर कोणी म्हणेल. हानि मोठी आहे असें आमचें मत आहे. उत्तर कोंकणांतील, विशेषतः पनवेल-उरण भागांतील, कागदांस ही सुधारणा लागू केली म्हणजे त्या प्रांतींच्या बोलीच्या इतिहासाचा एक साक्षीदार आपण आपल्या हातानें मारतों. हें दाखविण्यासाठीं एकच शब्द प्रस्तुत लेखांत विचारार्थ घेतला आहे. तो शरीरावयवाचा, नित्याचा व सर्वांच्या तोंडचा आहे.

२. व्युत्पत्ति

डोळ्यास संस्कृतांत अक्षि, चक्षु, नेत्र, नयन, लोचन असे अनेक शब्द आहेत. पैकीं अक्षि शब्द प्राकृतांत अक्खि व अच्छि अशा रूपांनीं आला व त्यापासून हिंदी व गुजराती ‘आंख’ निघाला. मराठीचें घर निराळें. तिनें नेत्र, नयन हे शब्द काव्यास व वैद्यकास दिले, अक्षि शब्द ‘प्रत्यक्ष’, ‘गवाक्ष’ अशा समासांत ठेवला, आणि रोजच्या व्यवहारास ‘डोळा’ हा शब्द घेतला. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत तो सर्रास आहे, म्हणजे सातशें वर्षांपूर्वीं तो पूर्ण रुळलेला होता. तेथून पुढें त्याचा संसार वाढतच गेला. नारळास डोळे आले, उंसाच्या पेऱ्यास डोळा आला, मोराच्या पिसासही आला. डोळस, डोळेझांक, काणाडोळा हे शब्द त्याच्याच पोटचे होत.

प्राकृतांत ‘डोल’ असा देशी शब्द नेत्र या अर्थीं सांपडतो. गुजरातींत बुबुळासह संबंध गोलकास ‘डोळो’ म्हणतात, आणि कोंकणींत नेत्रास ‘दोळो’ म्हणतात. तेव्हां हा शब्द पश्चिम किनाऱ्याच्या व त्यालगतच्या भाषांचा समाईक ठेवा आहे. आंख म्हणणाऱ्या गुजरातीनें त्याला गोलकापुरता संकुचित केला, मराठीनें व कोंकणीनें त्याला संपूर्ण इंद्रियाचें नांव केलें.

आतां ‘डोळा’ यांतील ळ कोठून आला, हें पाहूं. मराठीचा नियम असा कीं, प्राकृतांत दोन स्वरांच्या मध्यें एकेरी ल असेल तर त्याचा ळ होतो. जोड ल असेल तर तो सुटा होऊन ल-च राहतो. फल याचें फळ, कमल याचें कमळ, मूल याचें मूळ, नील याचें निळा, ही पहिल्या प्रकाराचीं उदाहरणें. तैल-तेल्ल-तेल, मूल्य-मोल्ल-मोल, बिल्व-बेल्ल-बेल, हीं दुसऱ्याचीं. ‘काळ’ म्हणजे समय व ‘काल’ म्हणजे गेला दिवस, हे दोन शब्द याच नियमानें वेगळे राहिले. पहिला संस्कृत काल याचा वंशज, दुसरा कल्य-कल्ल याचा. यावरून ‘डोल’ यांतील एकेरी ल चा ळ होऊन ‘डोळा’ झाला, हें नियमास धरून आहे.

दोला, म्हणजे झोपाळा, या संस्कृत शब्दाशीं डोळ्याचें नातें जोडण्याचें एक मत आहे. चंचल तो डोळा, अशी त्यांतील कल्पना. आरंभींच्या द चा ड होणें प्राकृतास अपरिचित नाहीं. दोहद शब्दापासून दोहल होऊन मराठी ‘डोहळा’ झाला, तेथें द चा ड व एकेरी ल चा ळ हीं दोन्ही कार्यें दिसतात. कोंकणीच्या ‘दोळो’ मधील द ही या मतास वरवर आधार देतो. परंतु हिंदोळणाऱ्या वस्तूच्या क्रियेस मराठींत ‘डोलणें’ म्हणतात, ‘डोळणें’ म्हणत नाहींत. म्हणजे त्या क्रियापदाच्या मुळाशीं जोड ल मानावा लागतो आणि डोळ्याच्या मुळाशीं एकेरी. अर्थ जुळवून दोन शब्द एका दावणीस बांधणें सोपें असतें. ध्वनींचा हिशेब तसें करूं देत नाहीं. म्हणून ‘डोळा’ हा प्राकृत देशी ‘डोल’ शब्दाचा वंशज, एवढेंच विधान आम्ही निःशंकपणें करतों.

नुसत्या नादसाम्यावर किती भरंवसा ठेवावा, याचा याच जिल्ह्यांतील एक नमुना ध्यानांत घेण्यासारखा आहे. अलिबागजवळ अक्षी म्हणून गांव आहे. तेथील शिलालेखाचा काळ शके ९३४ असा वाचण्यांत आला असून त्या वाचनाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. गांवाचें नांव आणि नेत्रवाचक अक्षि हा संस्कृत शब्द हीं जवळ जवळ एकच दिसतात. म्हणून ‘डोळ्याचें गांव’ असा अर्थ लावावयास कोणी धजला तर त्यास एवढेंच विचारावें कीं, लोकांच्या तोंडीं शेंकडों वर्षें राहिलेल्या नांवांत क्ष जसाच्या तसा कसा टिकला? प्रत्येक शब्दास त्याच्या ध्वनींचा हिशेब द्यावाच लागतो.

३. पनवेलकडील उच्चार

पनवेल हें खाडीवरचें जुनें बंदर. बोरघाटांतून देशावर जाणारा माल येथें उतरे व चढे. इ. स. १८८२ मध्यें छापलेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या तालुक्याचें वर्णन आहे; पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत गेला, व १९८१ पासून त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. गांवांत व्यापारी, ब्राह्मण, प्रभु, मुसलमान इत्यादि नाना लोक. भोंवतालच्या खाड्यांवर व खाचरांत मुख्य वस्ती आगरी व कोळी यांची. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी.

या आगरी-कोळी समाजांच्या घरगुती बोलींत ळ नाहीं. त्या ठिकाणीं ल आहे. डोळा तो ‘डोला’, काळा तो ‘काला’, गळा तो ‘गला’. ण चा न होतो, म्हणून पाणी तें ‘पानी’. दोन स्वरांमधील ड चा र होतो, म्हणून घोडा तो ‘घोरा’ व होडी ती ‘होरी’. सप्तमीचा प्रत्यय -आन असल्यामुळें ‘डोळ्यांत’ याबद्दल ‘डोल्यान’ असें म्हणतात. ‘डोला’ शब्दाच्या आरंभींचा ड मात्र तसाच राहतो, त्याचा ‘रोला’ होत नाहीं. र होण्याचा नियम शब्दाच्या आंत चालतो, उंबरठ्यावर चालत नाहीं. ज्या बोलीस लोक अशुद्ध म्हणतात ती किती काटेकोर नियमानें चालते, हें एवढ्यावरून दिसेल. भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडांत (१९०५) ग्रियर्सन यांनीं उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावरील बोलींचे असले विशेष नोंदले आहेत.

या ऐक्याचा परिणाम असा कीं, देशावरच्या माणसास जे शब्द कानानें वेगळे ऐकूं येतात ते पनवेलच्या आगऱ्यास एक होतात. डोळा हा अवयव व मोहरमांतील डोला, दोहोंस एकच उच्चार. काळ आणि काल यांचेंही तसेंच. डोळा व डोलणें यांचा संबंध देशावरचा व्युत्पत्तिकार ळ-ल चा भेद दाखवून नाकारील. पनवेलच्या खाडीवर तो नाकारण्यास ध्वनीचा आधारच उरत नाहीं.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, वऱ्हाड-खानदेशाच्या कांहीं भागांत, ळ चा य होतो व डोळ्यास ‘डोया’ म्हणतात. तेव्हां एकाच शब्दास डोळा, डोला व डोया असे तीन उच्चार आहेत, आणि तिघांनाही शाळेंत एकच लेखन शिकवितात. अर्थात् लिहिलेला ‘डोळा’ पाहून प्रत्येकानें आपापल्या घरचा ध्वनि काढावा, अशी स्थिति होते.

४. चिनी लिपीचा दाखला

ही स्थिति जगांत एकटी नाहीं. चिनी लिपींत नेत्रास जें जुनें चिन्ह आहे त्याची कथा येथें उपयोगी पडते. आन्-यांग येथील उत्खननांत शांग राजवंशाच्या उत्तरकाळचीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं तेराव्या ते अकराव्या शतकांतील, लेखयुक्त हाडें व कांसवांचीं कवचें निघालीं. या लेखांकडे पंडितांचें लक्ष इ. स. १८९९ च्या सुमारास गेलें. त्यांत नेत्राचें चिन्ह म्हणजे प्रत्यक्ष आडवा डोळाच आहे. दोन्ही कोन व मध्यें बाहुली स्पष्ट. पुढें उभ्या ओळींच्या लेखनांत तें चिन्ह उभें झालें, गोलाई जाऊन चौकट राहिली, आणि बाहुलीच्या जागीं दोन आडव्या रेघा आल्या. शू षन् याने इ. स. १०० मध्यें पुरा केलेल्या कोशांतही तें चित्रमूलक म्हणूनच सांगितलें आहे.

चित्राचा वंश असा उघड आहे. उच्चाराचा वंश मात्र चित्रावरून कळत नाहीं. पेकिंगकडे त्या चिन्हास ‘मू’ म्हणतात, कँटनकडे ‘मुक्’, कोरियांत ‘मोक्’, जपानांत चिनी पद्धतीनें ‘मोकु’ आणि देशी शब्दानें ‘मे’. यांत जुना उच्चार कोणता? राजधानीचा उच्चार तो शुद्ध व कँटनचा तो ग्राम्य, असें मानलें असतें तर उत्तर चुकलें असतें. इ. स. ६०१ च्या यमककोशांत हा शब्द ज्या वर्गांत घातला आहे त्यावरून, आणि कँटन, कोरिया व जपान यांच्या साक्षीवरून, प्राचीन उच्चाराच्या शेवटीं क् होता हें ठरलें. तिबेटी लेखनांतील नेत्रवाचक ‘मिग्’ शब्द याच कुळांतला मानतात. पेकिंगनें तो क् गमावला. कडेच्या प्रांतांनीं व परक्यांनीं तो जपला. आणखी एक गोष्ट: बोलण्यांत हा जुना शब्द आतां मागें पडून त्याच्या जागीं ‘येन्’ शब्द आला आहे, व ‘मू’ जोडशब्दांतून उरला आहे. आपल्याकडे अक्षि जसा ‘प्रत्यक्ष’ मध्यें उरला, तसाच हा प्रकार.

यांतून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली, एका लेखनाखालीं अनेक उच्चार नांदूं शकतात, व लेखन स्थिर राहिलें म्हणून उच्चार स्थिर राहिला असें होत नाहीं. दुसरी, जुना उच्चार शोधावयाचा तर कडेच्या बोलींस व परक्यांच्या लेखनास साक्षीस बोलवावें लागतें. आपली लिपि ध्वनिदर्शक आहे म्हणून आपण या कष्टांतून सुटलों, असा समज आहे. पण ळ या अक्षराच्या बाबतींत ती चिनी चिन्हाप्रमाणेंच वागते, हें वर दाखविलेंच आहे.

५. कागदांची साक्ष

आतां आपल्याकडील साक्षीदार पाहूं. पहिला मोडी कागद. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत व शब्दही तोडीत नाहींत, त्यामुळें इकार-उकारांच्या कामीं तिची साक्ष निरुपयोगी. परंतु ल व ळ हीं अक्षरें मोडींत वेगळीं आहेत. म्हणून ज्या मोडी कागदांत ळ च्या जागीं ल येतो, तेथें लिपीचा दोष म्हणून सुटतां येत नाहीं. तो ल लिहिणाऱ्याच्या कानांतून आलेला आहे. मात्र लिहिणारा कोण, हें आधीं पाहावें. सरकारी दप्तरचा कारकून बहुधा शिकलेला व पुष्कळदां परगांवचा. त्याच्या कागदांतील ळ हा त्याचा स्वतःचा असतो, आगरी खातेदाराचा नव्हे. उलट गांवांतच लिहिलेलें खासगी कर्जखत, वहीच्या कोपऱ्यांतील हिशेब, लग्नाच्या आहेराची यादी, हीं ओबडधोबड असलीं तरी या कामीं अधिक मोलाचीं.

दुसरा साक्षीदार उलटी चूक. ज्याच्या तोंडीं सर्वत्र ल आहे त्यास शाळेंत अथवा कचेरींत ‘ळ लिही’ असें शिकविलें, म्हणजे तो ल च्या योग्य जागींही ळ लिहूं लागतो. ‘तेल’ याचें ‘तेळ’ करितो. असा एक ‘तेळ’ दहा ‘डोला’ शब्दांइतकी साक्ष देतो, कारण लिहिणाऱ्याच्या मनांत दोन ध्वनि एक झाले होते हें त्यावरून निर्विवाद ठरतें. संपादक नेमकें हेंच रूप प्रथम दुरुस्त करितो.

तिसरा साक्षीदार रोमन लिपींतील लेखन. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांत रोमन अक्षरांनीं छापलें गेलें. त्यांत ळ साठीं रोमन ‘एल्’ अक्षर दोनदां जोडून लिहिण्याची रीत आहे. गोमंतकांतील रोमन कोंकणींत डोळ्याचा शब्द आजही तसाच लिहितात. म्हणजे ल-ळ चा भेद दाखविण्याची सोय पोर्तुगीज वळणाच्या रोमनांत होती. वसई प्रांत इ. स. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तेव्हां उत्तर कोंकणच्या गांवांचीं, शेतांचीं व माणसांचीं नांवें त्यांच्या कागदांत एकेरी लिहिलीं आहेत कीं जोड, याची छाननी करण्यासारखी आहे. इंग्रजी कागद या कामीं मुके आहेत, कारण त्यांच्या लेखनांत हा भेद दाखविण्याची रीतच नव्हती.

चौथा साक्षीदार गाणें. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. विधि चालविते तीच. देशावर हाच शब्द ‘धवळे’ असा आहे. महानुभाव पंथांतील महदाइसेनें तेराव्या शतकांत रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले, व आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा मान आहे. संस्कृत धवल, त्याचें नियमाप्रमाणें मराठी धवळ, आणि पनवेलकडे पुन्हां धवल. उच्चार वळसा घालून मूळ पदावर आला असा भास होतो. वस्तुतः हा ल जुन्या ल चा अवशेष नसून ळ चाच झालेला असणें संभवतें, व नक्की काय तें गांवोगांवच्या जुन्या वह्यांच्या तारखा ठरवितील. एवढें मात्र उघड आहे कीं, आगरी गाण्यांच्या वहींतील ‘धवला’ जो ‘धवळा’ करील तो बोलीस मुकेल, आणि जो ‘धवला’ व ‘धवळा’ हे दोन निराळे शब्द मानील तो महदाइसेशीं असलेल्या नात्यास मुकेल. मूळ रूप छापून खालीं टीप द्यावी, हाच मार्ग.

६. पनवेल हें नांव

या विचाराचा स्थलनामांशीं असलेला संबंध खुद्द पनवेल या नांवावरच दाखवितां येतो. नांवाच्या अंतीं ‘वेल’ आहे. वल्ली-वेल्ली यापासून मराठी ‘वेल’ म्हणजे लता. तेथें जोड ल होता म्हणून ल राहिला. वेला, म्हणजे समुद्रतीर अथवा समय, यापासून नियमानें ‘वेळ’ व्हावें. तेव्हां नांवांत ल आहे म्हणून तें लतेचेंच, तीराचें नव्हे, असा निकाल देशावरचा व्युत्पत्तिकार तत्काळ देईल. पण येथें तो कोटिक्रम चालत नाहीं. या खाडीवरचे नावाडी वेळ आणि वेल या दोहोंसही ‘वेल’ म्हणतात. त्यांच्या तोंडून ऐकून कारकुनानें नांव लिहिलें असेल तर दोन्ही पक्षीं त्याच्या लेखणींतून ल-च उतरणार. म्हणून या नांवाच्या पूर्वपदाचा व उत्तरपदाचा वाद करण्यापूर्वीं उत्तर कोंकणांत ळ चा ल केव्हां झाला, हा प्रश्न सोडविला पाहिजे. आणि तो आपल्या पेट्यांतल्या ‘अशुद्ध’ कागदांवांचून सुटणार नाहीं.

७. उपसंहार

कै. राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें इ. स. १८९८ पासून खंडशः छापलीं व १९२४ मध्यें उत्तर कोंकणच्या इतिहासाची महिकावतीची बखर प्रसिद्ध केली. अशा ग्रंथांत ल-ळ ची अदलाबदल आढळली तर ती मूळ लेखकाची कीं शेवटच्या नकलाकाराची, हा प्रश्न अभ्यासकानें प्रत्येक वेळीं विचारावा. तो विचारतां येण्यास मूळ रूप छापील पानावर असावें लागतें. छापतांना पुसलेलें रूप, पोथी वाळवीनें खाल्ल्यावर कोणासही परत मिळत नाहीं.

म्हणून संग्राहकांस व संपादकांस आमच्या सूचना अशा. कागद मूळाबरहुकूम उतरावा. दुरुस्ती करणें ती कंसांत अथवा टिपेंत करावी. लिहिणाराचें नांव, जात, गांव व तारीख कागदांत असतील तर तीं प्रथम टिपावीं. ल-ळ, न-ण व ड-र यांची अदलाबदल असलेले शब्द निवडून त्यांची स्वतंत्र यादी कागदासोबत ठेवावी. ‘तेळ’ सारखी उलटी चूक दिसली तर ती विशेष जपावी. धवलारिणींच्या तोंडचीं गाणीं उतरून घेतांना त्यांच्या उच्चाराप्रमाणेंच उतरावीं.

काळ थोडा आहे. इ. स. १९७० मध्यें नव्या मुंबईची योजना सुरू झाली, तेव्हांपासून पनवेल-उरणच्या मिठागरांचें व खाचरांचें रूप पालटत गेलें; विमानतळासाठीं कांहीं गांवें जागचीं उठलीं. घर उठतें तेव्हां माळ्यावरची पेटी उघडली जाते, आणि तींतील वाचतां न येणारा मोडी कागद बहुधा टाकला जातो. शाळेंतून ळ शिकलेली पिढी घरांतही ‘डोळा’ म्हणूं लागली आहे; तिला दोष नाहीं. परंतु ‘डोला’ म्हणणारे तोंड व ‘डोला’ लिहिणारा कागद हीं दोन्ही एकदम नाहींशीं झालीं तर उत्तर कोंकणच्या उच्चाराचा इतिहास लिहिण्यास साधनच उरणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या भागांतील असे कागद असतील त्यांनीं ते क्षुल्लक समजूं नयेत. त्यांच्या नकला, चुकांसह, प्रसिद्ध कराव्या, अशी त्यांस विनंति आहे.